प्रांताच्या अब्रूआड दडलेले दास्य

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२ हे वर्ष कोरलेले आहे, म्हणजे इसवी सन १०६०. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणिराजाच्या अमदानीत या वास्तूचे काम पुरे झाले. वालधुनीच्या काठच्या या काळ्या पाषाणावरील कोरीवकाम पाहणारा कोणीही असेच मानील की, ज्या राज्यापाशी एवढे शिल्पी पोसण्याइतका महसूल आणि एवढ्या कामाला पुरेल इतके स्वास्थ्य होते, त्याचा पाया लवकर हलणारा नव्हता. प्रत्यक्षात पुढच्या एकाच पिढीत ते राज्य भाऊबंदांच्या कलहात सापडले, आणि त्याच घराण्यातील अनंतदेवाच्या शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटात, दायादांच्या वैरापायी कोकणची जी दुर्दशा झाली तिची नोंद करण्याची वेळ आली. ताम्रपट अर्थातच विजेत्याची कैफियत सांगतो. मंदिराचे दगड कोणी वाहिले, वेठीला कोणाला धरले गेले, राजपुत्रांच्या झुंजीत कोणाची शेते जळाली, याविषयी तो मुका आहे.

राजघराण्यातील यादवीला वारसाहक्काचे निमित्त पुरते. परंतु सबंध राष्ट्र जेव्हा दोन छावण्यांत विभागले जाते आणि शेतकरी, शिक्षक, सुतार, कारकून अशी साधी माणसे परस्परांचे प्राण घ्यायला निघतात, तेव्हा कारण सिंहासनापाशी सापडत नाही. ते शेतावर, गोदामात, सावकाराच्या वहीत शोधावे लागते. प्रांतभेद प्रत्येक मोठ्या देशात असायचेच. भाषा, पीकपाणी, देवदैवते निराळी असणे हा काही अपराध नव्हे, आणि आपल्या मुलखाचा अभिमान बाळगणारा मनुष्य देशद्रोही ठरत नाही. दास्यही बहुतेक प्राचीन समाजांत होते आणि, सांगताना लाज वाटते, त्यांपैकी कित्येक समाज ते पोटात घेऊन शतकानुशतके टिकले. या दोन गोष्टींची गाठ पडते तेव्हा मात्र अनर्थ ओढवतो. एखाद्या प्रांताची सारी सुबत्ता माणसांच्या दास्यावर उभी राहावी, आणि त्या दास्याला कोणी बोट लावताच ‘आमच्या प्रांताच्या अब्रूवर घाला आला’ अशी हाकाटी व्हावी, म्हणजे त्या राष्ट्राचे पाऊल यादवीच्या वाटेवर पडले असे खुशाल समजावे.

अमेरिकेचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १७८७ साली जेव्हा तेथील पुढाऱ्यांनी राज्यघटना रचली, तेव्हा दास्य हळूहळू आपोआप ओसरेल असा भरवसा त्यांच्यापैकी अनेकांना होता. त्या भरवशावरच त्यांनी प्रतिनिधींच्या वाटणीत गुलामांचे तीन पंचमांश मोजण्याचा तह केला आणि आफ्रिकेतून माणसे आणण्याचा व्यापार थांबवण्याचा विचारही वीस वर्षे लांबणीवर टाकला. पुढे १७९३ मध्ये एली व्हिटनीचे सरकी काढण्याचे यंत्र निघाले, इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांची भूक वाढत गेली, आणि जे दास्य ओसरायचे होते तेच दक्षिणेकडील राज्यांच्या अर्थव्यवहाराचा कणा होऊन बसले. १८६० च्या शिरगणतीत त्या देशाच्या ३ कोटी १४ लाख लोकसंख्येत सुमारे ४० लाख माणसे दुसऱ्याच्या मालकीची म्हणून नोंदलेली आहेत, आणि देशाच्या निर्यातीच्या किमतीपैकी निम्म्याहून अधिक वाटा त्यांनी वेचलेल्या कापसाचा होता.

मधल्या काळात तडजोडी पुष्कळ झाल्या. १८२० मध्ये नकाशावर एक अक्षांश ओढून त्याच्या उत्तरेकडील नव्या मुलखात दास्य नको असे ठरले; १८५० मध्ये पुन्हा एक तह झाला; १८५४ मध्ये कॅन्ससच्या वसाहतवाल्यांनीच काय ते ठरवावे असा कायदा झाला आणि त्या माळरानावर दोन्ही बाजूंचे सशस्त्र जथे येऊन थडकले. युद्धाची रंगीत तालीम तेथेच झाली म्हणायची. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या फिर्यादीवर असा निवाडा दिला की कृष्णवर्णीय मनुष्य अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही. आणि ज्या न्यायासनाकडे शेवटचा आसरा म्हणून पाहावे, त्यानेच तडजोडीचे दार लावून घेतले. १८६० च्या नोव्हेंबरात लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आले. जेथे दास्य आहे तेथे हात घालणार नाही, नव्या मुलखात मात्र ते पसरू देणार नाही, एवढीच त्यांची भूमिका होती. तेवढीही दक्षिणेला सोसवेना. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलिनाने संघराज्याशी फारकत घेतली, लिंकन यांनी शपथ घेण्यापूर्वीच आणखी सहा राज्ये तिच्यामागे गेली, आणि १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्यावर आणखी चार.

ते युद्ध राज्यांच्या स्वायत्ततेसाठी झाले, दास्य हे केवळ निमित्त होते, असे प्रतिपादन आजही ऐकू येते, आणि प्रांताच्या हक्कांविषयी जागरूक असलेल्या आपल्याकडील वाचकाला ते चटकन पटूही शकते. म्हणून त्याची नीट छाननी केली पाहिजे. दक्षिणेला स्वायत्तता जर तत्त्व म्हणून प्रिय होती, तर पळून गेलेल्या गुलामाला पकडून देण्याची सक्ती उत्तरेकडील राज्यांवर करणारा १८५० चा केंद्रीय कायदा तिने आग्रहाने का मागून घेतला? मॅसॅच्युसेट्सच्या स्वायत्ततेची तेव्हा तिला पर्वा वाटली नाही. संघराज्यातून बाहेर पडताना मिसिसिपीने जो जाहीरनामा काढला, त्यात आपली बाजू दास्यसंस्थेच्या बाजूशी एकरूप आहे असे निःसंदिग्धपणे नमूद केले. आणि फुटलेल्या राज्यांनी स्वतःसाठी जी नवी घटना रचली, तिने गुलामांवरील मालकीहक्काला बाध आणणारा कायदा करण्याची आपल्याच विधिमंडळाला बंदी केली. जी स्वायत्तता स्वतःच्या विधिमंडळाचेही हात बांधते ती स्वायत्तता कोणाची, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ती मालकाची होती. प्रांताचे निशाण तिच्यावर पांघरलेले होते.

याहून बोलका पुरावा दक्षिणेच्या पोटातच सापडतो. व्हर्जिनियाच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात गुलाम थोडे होते; तेथील शेतकरी स्वतःच्या हाताने जमीन कसत. त्यांची भाषा तीच, इतिहास तोच, राज्याचे नाव तेच. तरीही व्हर्जिनिया फुटली तेव्हा ते तिच्याबरोबर गेले नाहीत, आणि जून १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया हे निराळे राज्य होऊन ते संघराज्यात राहिले. म्हणजे फुटीची रेषा भूगोलाने आखली नव्हती, ती कष्टाच्या पद्धतीने आखली होती. जेथे मळेवाले प्रबळ होते तेथील सामान्य गोऱ्या शेतकऱ्याजवळही बहुधा एकही गुलाम नसे. गुलाम बाळगणारी गोरी कुटुंबे तीन-चारांत एक या प्रमाणात होती. तरी तो बंदूक घेऊन निघाला, कारण त्याला लहानपणापासून असे पढवले होते की, मळेवाल्याची मालमत्ता म्हणजेच त्याच्या मुलखाची इज्जत. १८६२ मध्ये वीस गुलामांमागे एका गोऱ्या माणसाला सैन्यभरतीतून सूट देणारा कायदा झाला, तेव्हा त्याच्या मनात शंका आली खरी. परंतु तोवर त्याच्या घरातली तरणी माणसे रणांगणावर पडू लागली होती. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण गेला तेव्हा उभय पक्षांचे मिळून सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्यू पावले होते.

हे सारे आठ-दहा हजार मैलांवरचे म्हणून आपल्याला त्याची झळ लागली नाही असे मात्र नव्हे. त्या युद्धाचा पैसा मुंबईच्या बंदरात उतरला, आणि त्याची किंमत आपल्या दख्खनच्या कुणब्याने मोजली. लँकेशायरला लागणाऱ्या कापसापैकी सुमारे पाऊण हिस्सा अमेरिकेतून येत असे. दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने अडवताच तो आटला आणि गुजरात, खानदेश, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अंबरनाथ-बदलापूरवरून जाणारा लोहमार्ग १८५६ मध्येच घातला गेला होता. पटकीने हजारो मजुरांचे बळी घेऊन बोरघाट फोडला गेला आणि ऐन युद्धाच्या मध्यावर, १८६३ मध्ये, मुंबईची वाट देशावर मोकळी झाली. ज्या रुळांवरून आज चाकरमान्यांच्या गाड्या धावतात, त्यांच्यावरून त्या काळी दख्खनचा कापूस बंदराकडे चालला होता. युद्धाच्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या भावापेक्षा सुमारे ८ कोटी पौंड अधिक मिळाले असा अंदाज पूर्वीच्या ग्रंथांतून दिलेला आढळतो. दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर पेढ्या निघाल्या, बॅकबेचा समुद्र हटवण्याच्या कंपनीचे भाग अनेक पटींच्या हावरटपणाने विकले गेले, आणि ली शरण गेल्याची वार्ता येताच कापसाचा भाव असा कोसळला की १८६५ च्या जुलैत सारा डोलारा भुईसपाट झाला.

शेटजी बुडाले त्यांची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. जो कुणबी बुडाला त्याच्याकडे पाहणे अधिक अगत्याचे. चढत्या भावाच्या दिवसांत सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले, कारण पिकाची हमी होती. भाव उतरल्यावर कर्ज तेवढेच राहिले, त्यात सरकारने पुणे-नगर भागात साऱ्याची नवी आकारणी वाढवून ठेवली, आणि दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा सावकाराच्या हातात नवे शस्त्र म्हणून आला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे गावी लोकांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून खते आणि रोखे जाळले, आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्या दंग्यांत रयतेचा रोख बव्हंशी माणसांवर नव्हता, कागदांवर होता. आपण कशाने जखडलो आहोत हे तिने अचूक ओळखले होते. एका खंडात गुलामांच्या बेड्या तुटत असताना दुसऱ्या खंडात रोख्याने बांधलेले नवे दास जन्माला यावेत, हा बाजाराचा व्यवहार विचार करायला लावणारा आहे. ते युद्ध चालू असतानाच लँकेशायरच्या बेकार गिरणी-कामगारांनी, स्वतःच्या चुली विझलेल्या असताना, १८६२ च्या अखेरीस मँचेस्टरात सभा भरवून लिंकन यांच्या बाजूने कौल दिला, आणि लिंकन यांनी त्यांचे पत्र लिहून आभार मानले. पोटावर पाय येत असूनही दास्याच्या कापसाला नकार देणारी ती माणसे मला त्या शतकातील कोणत्याही सेनापतीपेक्षा थोर वाटतात.

आपल्याकडे त्या युद्धाचा अर्थ ज्यांनी प्रथम आणि पूर्णतः ओळखला ते जोतीराव फुले. १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील ज्या सत्पुरुषांनी निःस्वार्थपणे गुलामांची मुक्तता केली त्यांना अर्पण केला, आणि आपले देशबांधवही त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बंधूंना दास्यातून सोडवतील अशी आशा प्रकट केली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. पुण्यात बसून मिसिसिपीकाठच्या माणसाचे दुःख आपल्या गावकुसाशी जोडून पाहण्याची ही दृष्टी असामान्य होती. ज्या समाजातील विद्वान त्या काळी परकीय सत्तेने केलेल्या अन्यायांची यादी करण्यात गुंतले होते, त्याला जोतीरावांनी स्वतःच्या घरातील अन्यायाची यादी दाखवली. आणि ते करताना आपण देशाची एकी मोडतो आहोत हा आरोपही सहन केला. एकी मोडते ती दास्य दाखवल्याने नव्हे, दास्य राखल्याने, एवढे त्यांना स्पष्ट दिसत होते.

दास्याची ही गोष्ट आपल्याकडे कधी नव्हतीच, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी पेशवे दफ्तर चाळावे. कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीचे, त्यांना एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात देऊन टाकण्याचे, पळून गेल्यास शोधून आणण्याचे उल्लेख तेथे धान्य आणि कापडाच्या नोंदींशेजारी आढळतात. कंपनी सरकारने १८४३ च्या कायद्याने दास्याची दखल घेण्याचे न्यायालयांना मना केले आणि १८६२ मध्ये अंमलात आलेल्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला. पण कर्जाच्या नावाने जे दास्य चालत आले होते त्याला या कायद्यांचा स्पर्श झाला नाही. त्याचे सर्वांत उघडे रूप आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. वारली तरुणाने लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून शे-पन्नास रुपये घ्यावेत आणि त्याबद्दल नवरा-बायको दोघांनी त्याच्या शेतावर, त्याच्या घरी, तो म्हणेल ते काम करीत जन्म काढावा, या प्रकाराला ‘लग्नगडी’ म्हणत. सिमिंग्टन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने १९३९ च्या आपल्या अहवालात त्याची नोंद केली, आणि सरकारने अहवाल दफ्तरी दाखल करून घेतला.

ती बेडी तुटली ती सरकारी कृपेने नव्हे. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळच्या टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातील झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, असा निर्धार करून आपापल्या पाड्यांकडे परतले. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांनी त्या लढ्याचे नेतृत्व केले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड याच्यासह पाच वारली मारले गेले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती सारी हकीकत लिहून ठेवली आहे. ठाणे-पालघरच्या प्रत्येक शाळेत ते पुस्तक असावे असे माझे मत आहे.

प्रांत आणि दास्य यांची गाठ पडली की काय होते, याचे जवळचे उदाहरण म्हणून आता उल्हासनगरकडे वळू. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेल्या लाखाच्या आसपास निर्वासितांना जागा दिली गेली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या नगराची पायाभरणी झाली. एक ते पाच क्रमांकांच्या कॅम्पांत ज्यांनी आयुष्य नव्याने उभारले, त्यांत शिक्षक होते, कारकून होते, हलवाई होते, सावकारीशी काडीचा संबंध नसलेले हजारो होते. त्यांचे घरदार गेले ते त्यांच्या कोणत्याही अपराधामुळे गेले नाही, हे प्रथमच निक्षून सांगतो. परंतु ज्या राजकारणाने त्यांना उखडले ते समजून घेणे त्यांच्यावरील अन्यायाचीच दखल घेणे आहे. सिंध १८४७ पासून मुंबई इलाख्यात होता. १ एप्रिल १९३६ रोजी तो वेगळा प्रांत झाला, आणि आपल्या मुलखाचा कारभार आपल्या हाती असावा ही त्यामागची मागणी स्वभावतः अयोग्य नव्हती. तेथील जमीन कसणारा ‘हारी’ मात्र वडेऱ्याच्या, म्हणजे बड्या जमीनदाराच्या, उचलीत पिढ्यान्पिढ्या अडकलेला होता, आणि खुद्द वडेऱ्यांच्या कितीतरी जमिनी सावकारांकडे गहाण होत्या. हाऱ्याच्या मुक्तीचा प्रश्न जर त्या नव्या प्रांताने हाती घेतला असता, तर तो वडेऱ्याच्या दारापर्यंत गेला असता. म्हणून हाऱ्याच्या दुःखाला धर्माचे वळण दिले गेले, सारे बोट सावकाराच्या जातीकडे दाखवले गेले, आणि १९४३ मध्ये सिंधच्या विधिमंडळाने पाकिस्तानच्या बाजूने ठराव केला. जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर बहुतेक हिंदूंना तेथे थारा उरला नाही. ते गेले, त्यांच्या जमिनी आणि हवेल्या वाटल्या गेल्या. हारी होता तेथेच राहिला, आणि या शतकापर्यंत त्याच्या बंधमुक्तीसाठी तेथील भल्या माणसांना लढावे लागले आहे.

येथे कोणी विचारील की, प्रांताचा प्रश्न तर महाराष्ट्रानेही पेटवला होता. मग येथे यादवी का झाली नाही? संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली, २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या, गुजराती आणि मराठी माणसांत कटुता आली, आणि दिल्लीने मुंबई देण्याचे शेवटपर्यंत टाळले. तरी तो अग्नी देशाला लागला नाही. १९५७ च्या निवडणुकीत लोकांनी आपला राग मतपेटीत टाकला आणि १ मे १९६० रोजी राज्य मिळाले. मतपेटी होती हे एक कारण. दुसरे, आणि माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे कारण हे की, त्या मागणीत दुसऱ्या माणसाला बांधून ठेवण्याचा हक्क कोणी मागत नव्हते. गिरणीकामगार, शेतकरी, शाहीर आपल्या भाषेत राज्यकारभार चालावा म्हणून रस्त्यावर आले होते. ज्या प्रांताभिमानाच्या तळाशी कोणाचे दास्य नसते, तो कितीही भडकला तरी वाटाघाटीने शमतो, कारण त्यात कोणाच्या मालमत्तेचे मूळ जात नाही. नागपूर करार, विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष, दांडेकर समितीचा अहवाल यांवर आपण अर्धे शतक भांडलो आहोत आणि पुढेही भांडू. ते भांडण विधिमंडळात होते हेच त्याच्या निरोगीपणाचे लक्षण आहे. एक बोच मात्र राहून गेली. राज्यांच्या त्या वाटणीत उंबरगाव तालुक्याची बरीच गावे गुजरातेत गेली आणि ज्या वारल्यांनी एकजुटीने वेठ झुगारली होती त्यांच्या मधून सरहद्द आली. त्यांना विचारण्याचे कोणाला सुचले नाही.

त्याचे कारण, आपल्याकडे प्रांताच्या नावाने बोलणारा आणि प्रांतातील सर्वांत खालचा मनुष्य यांची गाठ अजून पडलेली नाही. अंबरनाथ, बदलापूर, मुरबाड, कर्जत या टापूतील सर्वांत जुन्या रहिवाशांत कातकऱ्यांची गणना होते. भूमिपुत्रांच्या हक्कांच्या सभा या भागात कमी होत नाहीत. त्या सभांतून कातकऱ्याचे नाव मी क्वचितच ऐकतो. बहुतेक कातकरी वाड्यांखालची जमीन त्यांच्या नावावर नाही. पावसाळ्यात हाताला काम नसते तेव्हा तो वीटभट्टीच्या मालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल घेतो, दिवाळीनंतर बायकामुलांसह भट्टीवर जातो, आठवड्याला खर्चीपुरते पैसे घेतो, आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेली नसते. ती पुढल्या सालावर चढते. हिशेबाची वही मालकाची, वाचता येते ती मालकाला. बदलापूर-अंबरनाथच्या ज्या इमारतींत आपण हप्ते भरून घरे घेतली, त्यांच्या किती विटा अशा हातांनी थापल्या असतील याचा विचार आपल्या मनाला शिवत नाही.

कायदा नाही असे म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगार निषिद्ध केली आहे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाने असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच नष्ट केली, आणि कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे हीदेखील सक्तीची मजुरी ठरवली. वसईच्या बाजूला विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने याच कायद्याचा आधार घेऊन शेकडो आदिवासींना मुक्त करवून दाखवले. २०१६ च्या केंद्रीय योजनेत मुक्त झालेल्या माणसाच्या पुनर्वसनासाठी १ ते ३ लाख रुपयांची तरतूद आहे. परंतु पूर्ण रक्कम मालकावरील दोषसिद्धीशी बांधून ठेवल्यामुळे खटला रेंगाळतो तोवर मनुष्य पुन्हा त्याच भट्टीकडे वळतो. ही अट काढून टाकली पाहिजे.

संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असा विरोध आपण फार काळ चालू ठेवला, तर ज्यांना ती विषमता सोसावी लागते ते या लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील. त्या इशाऱ्याचा आपण निवडणुकीच्या आरक्षणापुरता अर्थ लावला आणि आर्थिक बाजू सोडून दिली. दास सारे एकाच प्रांतात आणि मुक्त सारे दुसऱ्या प्रांतात, अशी वाटणी आपल्या देशात आज नाही, आणि म्हणून अमेरिकेसारखी सरळ फूट आपल्याकडे पडेल असे मी म्हणत नाही. पण ज्या वेगाने एका राज्यातील कंगाल मजूर दुसऱ्या राज्यातील भट्ट्यांवर, ऊसतोडीवर, बांधकामांवर नेले जात आहेत, आणि ज्या सहजतेने त्यांच्याविषयीचा प्रश्न ‘परप्रांतीय’ या शब्दात गुंडाळला जात आहे, ते पाहता दास्याचा नकाशा आणि प्रांतांचा नकाशा एकमेकांवर बसू लागण्याचा धोका मला कल्पित वाटत नाही. परप्रांतीय मजुराला हुसकून लावा म्हणणारा आणि त्याला उचल देऊन डांबणारा, असे दोघे एकाच सभेच्या व्यासपीठावर बसू शकतात. मळेवाला आणि गरीब गोरा शेतकरी असेच एका निशाणाखाली उभे होते.

म्हणून माझी मागणी लहान आणि नेमकी आहे. १९७६ च्या अधिनियमाप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती असणे बंधनकारक आहे. तीत अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी बसवण्याची तरतूद आहे, आणि उपविभागीय समिती प्रांताधिकाऱ्यांच्या अधिकारात येते. त्या समितीची बैठक कोणत्या तारखेला झाली, किती भट्ट्या तपासल्या, किती जणांना मुक्ततेचे दाखले दिले, याचे पत्रक दर तिमाहीस तहसील कचेरीच्या फलकावर लागावे. उचलीची प्रत्येक नोंद मजुराच्या हाती असलेल्या पुस्तिकेत व्हावी आणि त्या पुस्तिकेवर ग्रामसेवकाची सही असावी. भट्टीवरील मुलांची हजेरी जवळच्या जिल्हा परिषद शाळेने घ्यावी. आणि जे पक्ष या टापूत भूमिपुत्रांच्या नावाने मते मागतात त्यांनी आपल्या जाहीरनाम्यात कातकरी वाड्यांच्या सात-बाराचे कलम घालावे. भट्ट्या दिवाळीनंतर पेटतात. तपासणीचे पथक त्याआधी, उचल वाटली जात असतानाच, वाड्यांवर पोहोचले पाहिजे.